कातळावरच्या कलमांना मडक्याने पाणी

रत्नागिरीत वर्षाला 3000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, परंतु जांभ्यात, म्हणजे इथल्या तांबड्या सच्छिद्र दगडात, पाणी टिकत नाही, आणि फेब्रुवारी लागला की कातळावर लावलेली नवी आंब्याची कलमे मलूल होऊ लागतात. अशा वेळी कोरड्या मुलखातील एक फार जुनी पद्धत उपयोगी पडते. चीनमधील फान शेंगझी यांनी इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातच, खड्ड्यात मडके पुरून त्याभोवती खरबूज लावण्याची रीत लिहून ठेवली होती.

मडके झिलई किंवा तैलरंग न दिलेले आणि आठ-दहा लिटरचे घ्यावे. विकत घेतल्यावर ते रात्रभर भरून ठेवावे. सकाळी बाहेरची बाजू सर्वत्र सारखी ओलसर लागली तर ते उत्तम, एकाच जागी थेंब गळत असेल तर त्याला तडा आहे असे समजावे.

कलम लावतानाच, खोडापासून दीड फुटावर, गळ्यापर्यंत मडके पुरावे. सर्वांत अधिक काळजी येथेच घ्यावी लागते. कोरडी माती मडक्याच्या छिद्रांतून पाणी ओढून घेते आणि माती ओली झाली की ही ओढ आपोआप मंदावते. मात्र त्यासाठी माती मडक्याला घट्ट चिकटलेली असावी लागते. जांभ्याची खडी तशीच लोटली तर मध्ये पोकळ्या राहतात आणि ओल मुळांपर्यंत पोहोचत नाही. आमच्या पहिल्या खड्ड्यांत हीच चूक झाली होती: मडकी भरलेली राहिली आणि कलमे सुकली. म्हणून माती चाळून, शेणखत मिसळून, थराथराने ओली करत हाताने दाबावी.

तोंडावर करवंटी ठेवावी, म्हणजे पाणी उडून जात नाही आणि डासही होत नाहीत. दर तीन-चार दिवसांनी करवंटी उचलून पाहावे व पाणी निम्म्यावर येताच मडके भरावे. खाडीकाठच्या विहिरीचे मचूळ पाणी वापरू नये, कारण क्षाराने छिद्रे बुजतात. पागोळ्यांचे साठवलेले पाणी कापडातून गाळून घातल्यास मडके अधिक वर्षे टिकते.

झिरपणे कमी झाले तर मडके उपसून आतून नारळाच्या सोडणाने घासावे, परंतु जागेवरून उपटू नये, कारण तोवर कलमाच्या बारीक मुळ्यांनी त्याला बाहेरून जाळीसारखा वेढा घातलेला असतो.