लॉ कॉलेजात शिकवण्याची पद्धत तपासताय? या चुका टाळा

सेमिस्टर संपत आलं की इंदूरच्या लॉ कॉलेजांतही फीडबॅकचे फॉर्म फिरतात. 'सर नीट समजावतात का?' पाचपैकी पाच. मग त्याच वर्गाचे पेपर तपासायला घेतले की डोक्याला हात लावायची पाळी येते. आयत्या नोट्स देणाऱ्यावर मुलं खूश असतात, उभं करून प्रश्न विचारणारा नावडता होतो. फॉर्मवरून शिकवणं जोखू नका. आवाज मागच्या बाकापर्यंत येतो का, पोर्शन वेळेत होतो का, एवढ्यापुरता तो ठीक आहे.

खरी परीक्षा घ्यायची तर वर्गात कधीच न आलेला प्रसंग द्या. सराफ्यातल्या दुकानदाराने आगाऊ रक्कम घेतली, दागिना दिलाच नाही. गुन्हा कोणता? दहा मिनिटं, अर्धं पान. बरेच जण झटकन जुन्या दंड संहितेतलं फसवणुकीचं '४२०' लिहितात. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, म्हणून आपण लाल शाईने '३१८(४)' करतो आणि मोकळे होतो. माझ्या मते सगळ्यांत महागात पडणारी चूक हीच. आकडा सुधारला, विचार होता तिथेच राहिला. फसवण्याचा इरादा पैसे घेतानाच होता का? नसेल तर तो नुसता करारभंग, दिवाणी मामला. हा प्रश्न ज्याला सुचला, त्याचं कलम चुकलं तरी मी त्याला वरचे गुण देईन. टॉपिकच्या आधी एक आणि नंतर एक असे दोन प्रसंग लिहून घ्या, कागद शेजारी-शेजारी ठेवा. काय फरक पडला ते तिथे दिसतं.

खटला गोष्टीसारखा सांगून टाकणं हीही जुनीच खोड. शाहबानो प्रकरण (घटस्फोटित मुस्लिम बाईंनी नवऱ्याकडे पोटगी मागितली, ते) तर आपल्याच गावचं, तरी वर्गात आपण थेट १९८५ च्या सुप्रीम कोर्टात उडी मारतो. इथल्या मॅजिस्ट्रेटने १९७९ मध्ये महिना २५ रुपये पोटगी दिली, १९८० मध्ये हायकोर्टाने ती १७९ रुपये २० पैसे केली. तिथे थांबा. त्या वेळच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ चे शब्द फळ्यावर लिहा (आज नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४), अर्धा वर्ग नवऱ्याचा वकील, अर्धा बाईंचा. घटस्फोटितेला 'पत्नी' म्हणून पोटगी कशी मागता येते, ते त्यांनाच शोधू द्या. कलमाच्या स्पष्टीकरणात उत्तर आहे. तिथवर फारच थोडे वाचतात. निकाल शेवटी सांगा. हिंदी माध्यमातून आलेल्या मुलांना अख्खं इंग्रजी जजमेंट वाचायला लावू नका, नेमकं एक पान पुरे.

मूट कोर्टात, म्हणजे सरावाच्या लुटुपुटूच्या खटल्यात, दर वर्षी तीच चार बोलकी मुलं उभी करायची आणि 'आमच्याकडे प्रॅक्टिकल चालतं' म्हणायचं, याबद्दल काय बोलावं!

आणि हे सगळं एकदम सुरू करू नका, नाहीतर कशाने फरक पडला ते कळणारच नाही. पुढच्या सेमिस्टरला एकच युनिट घ्या, बाकीचं नेहमीसारखं चालू द्या. सुरुवातीला पोर्शन मागे पडेल, मुलं 'सर, नोट्स?' म्हणत मागे लागतील. नोट्स द्या, पण चर्चा झाल्यावर.