रिमोट लॉगिन मोजक्याच खात्यांना ठेवा

खातं लॉक केलं की माणूस बाहेर, हा समज आधी सोडा. खातं लॉक करणारी 'पासडब्ल्यूडी -एल' ही कमांड फक्त पासवर्ड बंद करते. एसएसएच की (पासवर्डशिवाय रिमोट लॉगिन करू देणारी फाइल) असेल तर लिनक्सवर तो बहुधा तरीही आत येतो. खरा बंदोबस्त म्हणजे एसएसएचडी-कॉन्फिग या रिमोट लॉगिन सेवेच्या सेटिंग फाइलमध्ये 'अलाऊग्रुप्स' आणि पुढे एका ग्रुपचं नाव; मग त्या ग्रुपमधल्या खात्यांनाच आत येता येतं. ही ओळ, ठरावीक अटीपुरत्या सेटिंग सुरू करणाऱ्या 'मॅच'च्या वर लिहा. खाली गेली तर ती त्या अटीपुरतीच लागू होते.

त्याआधी स्वतःचं खातं 'यूजरमॉड -एजी' वापरून ग्रुपमध्ये घाला. त्यातला छोटा 'ए' लिहायचा राहून गेला तर बाकीचे जादा ग्रुप जातात, सुडोचा, म्हणजे अ‍ॅडमिनचे अधिकार देणारासुद्धा! मग 'एसएसएचडी -टी'ने फाइल तपासा, सेवा रीलोड करा. चालू सेशन बंद न करता दुसऱ्या खिडकीतून लॉगिन करून बघा.

देवगडात बसून रत्नागिरीचा सर्व्हर सांभाळत असाल तर पावसाळ्यात वीज कधी जाईल सांगता येत नाही, आणि उघडं सेशनही तिच्याबरोबर जातं. म्हणून बदलाआधी मूळ फाइलची प्रत ठेवा. १० मिनिटांनी ती परत जागेवर ठेवून रीलोड करणारं काम 'अ‍ॅट' या ठरल्या वेळी काम चालवणाऱ्या कमांडने लावा. नवीन लॉगिन जमलं की 'एटीआरएम'ने ते काढून टाका.