थंडीत ट्रकचा सेल्फ बिघडल्यास तपासणी आणि बदली

हिवाळ्यात लेहला रात्रीचा पारा उणे १५ अंशांच्या आसपास उतरतो. रात्रभर उघड्यावर उभा राहिलेला ट्रक सकाळी चावी फिरवल्यावर नुसता 'कट' आवाज करून गप्प बसला, की सगळा दोष सेल्फच्या (इंजिन फिरवून चालू करणाऱ्या मोटरच्या) माथी मारला जातो. मात्र उणे १८ अंशांजवळ पूर्ण चार्ज असलेली बॅटरीही जेमतेम निम्मी ताकद देते आणि मैदानी भागात भरलेले ऑइल घट्ट झाल्यामुळे इंजिन फिरवायला जोर मात्र जास्त लागतो. इंजिन नीट फिरत असूनही चालू होत नसेल, तर सेल्फ निर्दोष आहे. अशा वेळी डिझेल गोठले आहे का ते पाहावे. उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे हिवाळी डिझेल लडाखमध्ये २०१९ पासून मिळते.

जड ट्रकमध्ये १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये (एकीला पुढे दुसरी, मिळून २४ व्होल्ट) जोडलेल्या असतात. त्या वेगवेगळ्या मोजाव्यात, कारण एकत्रित आकड्यात एकीचा कमकुवतपणा लपून जातो. भरलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते, १२.२ किंवा त्याहून कमी असल्यास आधी चार्ज करावी. पूर्ण उतरलेली बॅटरी उणे ७ अंशांच्या सुमारासच गोठू लागते. गोठलेल्या बॅटरीला चार्जर किंवा जंपर केबल कदापि लावू नये, ती फुटू शकते.

यानंतर आवाज ऐकावा. भराभर 'कटकट' होत असेल तर बॅटरी उतरलेली किंवा टर्मिनल सैल असते. एकच जड ठोका पडून पुढे काही होत नसेल तर सोलेनॉइडचे (सेल्फवरच्या विजेच्या स्विचचे) कॉन्टॅक्ट किंवा कार्बन (मोटरच्या फिरत्या भागाला वीज देणारे ब्रश) गेलेले असू शकतात. मोटर नुसतीच गरगरत असेल तर बेंडिक्स (सेल्फचे पुढे सरकणारे दातेरी चाक) रिंग गिअरमध्ये (इंजिनच्या फ्लायव्हीलवरच्या दातेरी कड्यात) बसत नाही. थंडीत जुने ग्रीस चिकट झाल्यानेही असे होते.

निर्णायक चाचणी मात्र भाराखालीच, म्हणजे सेल्फ मारत असतानाच होते. मल्टीमीटरची एक वायर बॅटरीच्या धन टोकावर आणि दुसरी सेल्फच्या मोठ्या टर्मिनलवर धरून सहकाऱ्याला सेल्फ मारायला सांगावे. फरक एका व्होल्टपेक्षा जास्त आला, तर दोष केबल, लग (केबलच्या टोकाचा धातूचा जोड) किंवा कट-ऑफ स्विचमध्ये (बॅटरीचा मुख्य स्विच) आहे. सेल्फची बॉडी आणि बॅटरीचे ऋण टोक यांच्यातही असेच मोजावे. चॅसिसवरचा गंजलेला अर्थ (ऋण बाजूचा जोड) येथेच सापडतो. प्रत्येक प्रयत्न दहा सेकंदांपेक्षा लांबवू नये आणि मध्ये दोन मिनिटे थांबावे. सेल्फपाशी १९ व्होल्टहून अधिक दाब पोहोचूनही मोटर फिरत नसेल, तरच पाने बाहेर काढावेत.

गाडी सपाट जागी लावून चाकांना उटी द्यावी, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवावा आणि बॅटरीची ऋण केबल आधी सोडवावी. वायरींवर खुणा करून त्या काढाव्यात. शेवटचा बोल्ट सैल करण्यापूर्वी सेल्फखाली आधार द्यावा, कारण त्याचे वजन बरेच असते आणि बधिर झालेल्या बोटांतून तो निसटतो. जागा मोकळी झाल्यावर रिंग गिअरचे दात पूर्ण फेरा फिरवून पाहावेत. झिजलेल्या दातांवर नवा बेंडिक्सही टिकत नाही. नव्या सेल्फचे व्होल्टेज, दातांची संख्या आणि फिरण्याची दिशा जुन्याशी जुळवावी. बसण्याची जागा तारेच्या ब्रशने घासून उजळ धातू दिसू द्यावा, कारण अर्थ तेथूनच मिळतो. ऋण केबल सर्वांत शेवटी जोडून भाराखालची चाचणी पुन्हा घ्यावी आणि इंजिन गरम झाल्यावर बोल्ट एकदा तपासावेत.