गॅस बॉयलरच्या धुराचा हिशोब कसा करावा

अंबाबाईच्या देवळाभोवतालच्या लॉजमध्ये यात्रेकरूंना पहाटेपासून गरम पाणी लागतं आणि गच्चीवरचा गॅस बॉयलर तासन् तास पेटता राहतो. धुराचं विचारलं की ठरलेलं उत्तर मिळतं: ज्योत निळी आहे, काजळी नाही, म्हणजे धूर स्वच्छ. यावर विसंबू नका. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. नायट्रोजनचे ऑक्साइड तर त्या कडक निळ्या ज्योतीतच तयार होतात.

कार्बन डायऑक्साइडसाठी यंत्र लागत नाही. सिलिंडरचं वजन आधी आणि नंतर करा, जळालेल्या किलोंना ३ ने गुणा. १९ किलोचा सिलिंडर संपला की सुमारे ५७ किलो बाहेर पडला.

बाकीच्यासाठी धुरातले वायू मोजणारं यंत्र, म्हणजे फ्लू गॅस अ‍ॅनालायझर भाड्यानं आणा. तो उघड्या गच्चीवर शून्यावर आणा, बॉयलरच्या खोलीत कधीच नाही. बर्नर पंधरा मिनिटं सलग चालू द्या, मग प्रोब, म्हणजे यंत्राची धूर ओढणारी नळी, धुराड्यात घाला.

आता खरी मेख. अ‍ॅनालायझर ८० पीपीएम (दहा लाख भागांत ८० भाग) कार्बन मोनॉक्साइड दाखवतो आणि लोक तेवढंच लिहून घेऊन मोकळे होतात. शेजारचा ऑक्सिजनचा आकडा लिहिला नसेल तर त्या ८० ला काही अर्थ नाही. धुरात जादा हवा मिसळली की पीपीएम आपोआप उतरतो; बाहेर पडणारा वायू मात्र तेवढाच राहतो. ताकात पाणी ओतलं म्हणून लोणी कमी होत नाही. मला सगळ्यात जास्त सतावलं ते याच टप्प्यानं. दोन बॉयलरचे आकडे शेजारी ठेवायचे आणि घाणेरडा बॉयलर स्वच्छ दिसायचा, कारण त्याच्या धुराड्यात हवा जास्त शिरत होती.

म्हणून प्रत्येक आकडा ३ टक्के ऑक्सिजनवर आणा, म्हणजे धुरात ऑक्सिजन ३ टक्केच असता तर तो किती आला असता ते काढा. हवेत ऑक्सिजन २०.९ टक्के असतो; २०.९ मधून ३ वजा केले की १७.९. २०.९ मधून तुमचा मोजलेला ऑक्सिजन वजा करा. पहिल्याला दुसऱ्यानं भागा आणि पीपीएमला गुणा. ऑक्सिजन ९ टक्के असेल तर १७.९ भागिले ११.९, म्हणजे दीडपट. ८० चे १२० झाले.

‘सूत्र आहे, मग प्रोब कुठंही घाला’ असं सांगणाऱ्यांचं मुळीच ऐकू नका. बर्नरच्या वर जिथं धुराड्यात बाहेरची हवा शिरते, त्याच्या खालीच प्रोब हवा. वर घातला आणि ऑक्सिजन १८ टक्के आला, तर गुणक सहाच्या पुढे जातो. मग सेन्सर ०.२ नं चुकला तरी उत्तर सात टक्क्यांनी हलतं. ९ टक्क्यांवर तीच चूक दोन टक्क्यांच्या आत राहते. माझा नियम असा: ऑक्सिजन १४ च्या वर असेल तर ते मोजमाप टाकून द्यायचं आणि जागा बदलायची.

आणखी एक चुकीचा सल्ला इथं फिरतो. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास आहे, हवा विरळ, म्हणून पीपीएम वाढवून घ्या म्हणे. अजिबात नको. पीपीएम हे प्रमाण आहे, उंचीनुसार त्यात दुरुस्ती लागत नाही.

पुढचं सोपं. दुरुस्त पीपीएमला कार्बन मोनॉक्साइडसाठी १.२५ नं आणि नायट्रोजन ऑक्साइडसाठी २.०५ नं गुणा. घनमीटरमागे मिलिग्रॅम मिळतील. एक किलो एलपीजीमागे ३ टक्के ऑक्सिजनवर सुमारे १३ घनमीटर कोरडा (पाण्याची वाफ वगळून) धूर धरा. १२० पीपीएम म्हणजे १५० मिलिग्रॅम, किलोमागे जवळपास २ ग्रॅम, सिलिंडरमागे ३७ ग्रॅमच्या घरात. दुरुस्ती न करता ८० च धरले असते तर २५ च निघाले असते.

दुरुस्त कार्बन मोनॉक्साइड कित्येक शेकड्यांत गेला तर हिशोब बाजूला ठेवा, बॉयलर बंद करा आणि बर्नर साफ करून घ्या. खोली बंदिस्त असेल तर आधी दारं-खिडक्या उघडा.

पाइपगॅस असेल तर बिलातल्या एका एससीएममागे (प्रमाणित घनमीटरमागे) साडेनऊ घनमीटर धूर आणि १.९ किलो कार्बन डायऑक्साइड धरा; बाकी रीत तीच.