कॉम्पॅक्ट कॅमेऱ्याच्या पुढची पायरी, कमी पैशांत

आधी कॉम्पॅक्टने काढलेले शंभरेक फोटो कॉम्प्युटरवर उघडा आणि नेमके कुठले बिघडलेत ते पाहा. घरातले, संध्याकाळचे फोटो दाणेदार किंवा हललेले असतील, तर दोष बहुधा सेन्सरच्या (प्रकाश टिपणाऱ्या चिपच्या) आकाराचा. साध्या कॉम्पॅक्टचा सेन्सर जेमतेम 6.2 × 4.6 मिमीचा असतो; लेन्स बदलता येणाऱ्या बहुतेक स्वस्त कॅमेऱ्यांतला एपीएस-सी सेन्सर सुमारे 23.5 × 15.6 मिमीचा, म्हणजे क्षेत्रफळ जवळपास तेरापट. तक्रार फक्त लांबच्या पक्ष्यांची असेल तर मात्र थांबा. मोठ्या सेन्सरच्या टेलिफोटो (लांबचं जवळ आणणाऱ्या) लेन्स महाग आणि जड असतात, आणि कॅमेऱ्यासोबत येणारी 18-55 मिमीची किट लेन्स फक्त तिप्पट झूम देते. तीसपट झूमची सवय झालेल्यांचा हिरमोड इथेच होतो.

हात आखडता असेल तर वापरलेला डीएसएलआर (आत आरसा असलेला, लेन्स बदलता येणारा कॅमेरा) घ्या. कंपन्या मिररलेसकडे (बिनआरशाच्या कॅमेऱ्यांकडे) वळल्यामुळे जुने डीएसएलआर आणि त्यांच्या लेन्स बऱ्याच उतरलेल्या भावात मिळतात. निकॉन डी3300, डी5300 किंवा कॅनन 200डी, तिन्ही 24 मेगापिक्सेलचे. शिकायला यातला कुठलाही चालेल. बॉडीवर, म्हणजे लेन्सशिवायच्या कॅमेऱ्यावर, निम्म्याहून जास्त पैसे घालू नका. उरलेल्यातला मोठा वाटा लेन्सचा, बाकीचा कार्ड आणि जादा बॅटरीचा.

फोटोत खरा फरक पाडते ती 35 किंवा 50 मिमीची एफ/1.8 लेन्स. एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं छिद्र मोठं. किट लेन्स 55 मिमीला एफ/5.6 पर्यंतच उघडते, एफ/1.8 वर त्याच्या सुमारे दहापट प्रकाश आत येतो. जिथे आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता; जितका जास्त, तितका फोटो दाणेदार) 6400 लागायचा, तिथे 640 च्या आसपास भागतं. एपीएस-सीवर 50 मिमी चेहऱ्यांसाठी छान, पण लहान खोलीत अडचणीची. एकच घेणार असाल तर 35.

निकॉनमध्ये एक खाचखळगा आहे. डी3000 आणि डी5000 मालिकेतल्या बॉडींमध्ये फोकस मोटर नसते, त्यामुळे स्वस्तात दिसणारी 50 मिमी एफ/1.8डी लेन्स बसते, पण ऑटोफोकस होत नाही. नावात ‘एएफ-एस’ आहे का ते पाहा. कॅनन 200डी वर ईएफ आणि ईएफ-एस प्रकारच्या लेन्स चालतात. कॅननच्या मिररलेससाठीच्या आरएफ आणि ईएफ-एम बसतच नाहीत.

बघायला जाताना स्वतःचं कार्ड आणि टॉर्च न्या. लेन्समधून टॉर्चचा उजेड आरपार टाका: कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी, लेन्स परत द्या. धुळीचे दोन-चार कण असले तरी बिघडत नाही. मग एफ/16 वर पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा. काळपट ठिपके म्हणजे सेन्सरवरची धूळ, ती साफ होते. बारीक रेघ ओरखड्याची असू शकते, आणि ओरखडा निघत नाही. लेन्सचं झाकण लावून एक फोटो काढला की अडकलेले पिक्सेल (सेन्सरवरचे बिघडलेले बिंदू) चमकताना दिसतात. फ्लॅश, कार्डची खाच, बॅटरीचं दार, सगळी बटणं तपासा. शटर किती वेळा उडालं, हे निकॉनच्या मूळ जेपीजी फाइलमध्ये नोंदलेलं असतं. या वर्गातल्या शटरचं आयुष्य सुमारे 1 लाख फोटो धरतात. ‘फारसा वापरलाच नाही’ या वाक्यावर जाऊ नका, आकडा बघा.

कार्ड 32 जीबीचं, क्लास 10 पुरे. बनावट कार्डं पुष्कळ फिरतात, म्हणून घेतल्यावर एकदा पूर्ण भरून फाइली उघडतात का ते बघा. बॅटरी कंपनीचीच बरी. स्वस्त बॅटऱ्या फुगून आत अडकतात.

पहिले काही दिवस फोटो कॉम्पॅक्टपेक्षाही अस्पष्ट वाटतील. मोठ्या सेन्सरवर, त्यात एफ/1.8 ला, स्पष्ट दिसणारा पट्टा फारच अरुंद असतो आणि कॅमेरा बहुतेकदा सगळ्यात जवळच्या वस्तूवर फोकस करतो. त्यामुळे एकच फोकस पॉइंट निवडा आणि तो डोळ्यावर ठेवा. डायल ‘ए’ वर (कॅननवर ‘एव्ही’; यात छिद्र तुम्ही ठरवता, शटर कॅमेरा), ऑटो आयएसओची मर्यादा 3200. 50 मिमीला शटर 1/100 सेकंदापेक्षा हळू होऊ देऊ नका; माणसं हलत असतील तर 1/200 पेक्षा.