खऱ्या स्पोर्ट्स कारला बोलका चेहरा

खऱ्या गाडीला कार्टूनसारखे डोळे-तोंड बसवायचे तर डोळे हेडलाइटवर नकोत, पुढच्या काचेवर हवेत. नाहीतर गाडी बेडूक दिसते. 5 मिमी सनबोर्डवर (हलका, कडक फोमचा बोर्ड) बुबुळं छापून काचेला आतून टेकवा. गाडी हलवण्याआधी बोर्ड काढायचाच.

खरं काम तोंडाचं. मूळ बंपर उतरवून जपून ठेवा, जुन्या बाजारातला दुसरा घ्या. त्यावरचे ओठ पीयू (पॉलियुरेथेन) फोममध्ये कोरा. थर्माकोल वापरलात तर वरून फायबरला लावायच्या पॉलिस्टर रेझिनमधलं (घट्ट होणारं चिकट द्रव) स्टायरिन तो विरघळवतं. कोरायला कोल्हापुरात कुंभार गल्लीतला गणपतीचा कारागीर गाठा; हसऱ्या ओठाचं वळण उद्यमनगरातल्या फॅब्रिकेटरला तितकं जमत नाही. कोरलेल्या ओठांवर 450 जीएसएम (चौरस मीटरला ग्रॅम) फायबर मॅटचे 2 थर. 1 किलो मॅटला साधारण अडीच किलो रेझिन, दर किलो रेझिनला 10 ते 20 ग्रॅम हार्डनर (रेझिन घट्ट करणारं रसायन). एप्रिलच्या उन्हात 10च, नाहीतर रेझिनचा डब्यातच दगड होतो. कोबाल्ट (घट्ट होण्याचा वेग वाढवणारं द्रावण) आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळा, मगच हार्डनर. दोन्ही थेट एकत्र आले तर भडका उडतो.

दातांमागे जाळी ठेवा, ग्रिल बुजली की रेडिएटरला हवा मिळत नाही. रस्त्यावर काढायची असेल तर आधी आरटीओत विचारा, गाडीत बदल करण्यावरचं मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आडवं येतं.