फाईल डोळ्यांसमोर आहे, तरी पायथन 'सापडत नाही' का म्हणतो?

एका छोट्या वाचनालयासाठी मी बारकोड स्कॅनिंगचा प्रोग्राम लिहिला होता. वेबकॅमसमोर पुस्तक धरायचं, ओपनसीव्ही या लायब्ररीने कॅमेऱ्यातली फ्रेम घ्यायची, पायझबार या पायथन लायब्ररीने कोड वाचायचा, 978 ने सुरू होणारा आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा क्रमांक, डेटाबेसमध्ये शोधायचा. माझ्या लॅपटॉपवर महिनाभर व्यवस्थित चाललं. वाचनालयाच्या संगणकावर मात्र पायझबार इम्पोर्ट करणारी पहिलीच ओळ कोसळली. ग्रंथपाल बाई शेजारी उभ्या होत्या. "सोमवारपर्यंत होईल ना रे?" एवढंच म्हणाल्या. तो आवाज अजून कानात आहे.

एरर अशी होती: 'कुड नॉट फाइंड मॉड्यूल', पुढे पायझबारच्या फोल्डरचा लांबलचक पाथ, शेवटी लिबआयकॉन्व.डीएलएल (डीएलएल म्हणजे विंडोजवरची लायब्ररीची फाईल), आणि त्याच्या मागे कंसात 'ऑर वन ऑफ इट्स डिपेन्डन्सीज', म्हणजे 'किंवा ती ज्यांवर अवलंबून आहे त्यातली एखादी फाईल'. मी फक्त फाईलचं नाव वाचलं. फोल्डर उघडला, तर फाईल तिथेच. मग तीन दिवस मी त्या असलेल्या फाईलला शोधत होतो. पायझबार चार वेळा काढून टाकलं, पाथ बदलले, पायथनसुद्धा नव्याने टाकलं. त्याच मेसेजमध्ये 'पूर्ण पाथ देऊन बघा' असाही सल्ला असतो, म्हणून तेही केलं.

तुम्ही तो कंस वाचा. सगळं त्यात आहे.

पायझबार हे पायथनचं पातळ आवरण आहे. बारकोड वाचण्याचं खरं काम झेडबार ही सी भाषेतली लायब्ररी करते. विंडोजवर पिपने, म्हणजे पायथनच्या पॅकेज इन्स्टॉलरने, पायझबार घेतलं की लिबझेडबार-64.डीएलएल आणि लिबआयकॉन्व.डीएलएल या दोन्ही सोबतच येतात. पण या डीएलएल मायक्रोसॉफ्टच्या व्हिज्युअल सी++ 2013 च्या रनटाइमवर, म्हणजे प्रोग्राम चालायला लागणाऱ्या आधार-फाईलींवर, उभ्या आहेत आणि तो रनटाइम पिप आणत नाही. तो मशीनवर नसला की विंडोजला डीएलएल लोड करता येत नाही. पायथन नाव घेतो ते मात्र समोर असलेल्या फाईलचं. जी खरोखर गायब आहे तिचं नाव मेसेजमध्ये कुठेच नसतं. पायथन 3.8 च्या आधी तर कंससुद्धा नव्हता, नुसता विनएरर 126 यायचा.

उपाय पाच मिनिटांचा आहे. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून व्हिज्युअल स्टुडिओ 2013 चं व्हिज्युअल सी++ रिडिस्ट्रिब्युटेबल, म्हणजे त्या रनटाइमचं इन्स्टॉलर, उतरवा आणि चालवा. पायथन 64 बिट असेल तर व्हीसीरिडिस्ट एक्स64, 32 बिट असेल तर एक्स86. विंडोज 64 बिट आहे म्हणून पायथनही तसाच असेल असं धरून चालू नका. पायथन सुरू केल्यावर पहिल्याच ओळीत किती बिट ते छापून येतं.

आता मी जिथे अडकलो ते नीट ऐका. "रिडिस्ट्रिब्युटेबल आहे की माझ्याकडे" असं मीही म्हणालो होतो. इन्स्टॉल केलेल्या प्रोग्रामच्या यादीत 2015-2022 दिसत होतं. नवीन आहे म्हणजे जुनं त्यात आलंच असणार, असं वाटलं. येत नाही! 2015 पासून 2022 पर्यंतच्या आवृत्त्या एकच रनटाइम वापरतात, 2013 चा त्याहून वेगळा. त्याची फाईल एमएसव्हीसीआर120.डीएलएल, आणि 2015-2022 च्या पॅकेजमध्ये ती नसते. दोन्ही शेजारी शेजारी राहू शकतात, एकाने दुसऱ्याचं काम होत नाही. माझ्या लॅपटॉपवर दुसऱ्या कुठल्यातरी सॉफ्टवेअरने 2013 चा रनटाइम आधीच टाकून ठेवला होता, म्हणून महिनाभर मला काही कळलंच नाही.

दुसऱ्या रात्री कंटाळून मी एका फुकट डीएलएल देणाऱ्या साइटवरून फाईल उतरवून सिस्टिम32 मध्ये टाकली. हे कधीही करू नका. त्या फाईलमध्ये काय भरलंय हे तुम्हाला ठाऊक नसतं, आणि संगणक दुसऱ्याचा असतो. शिवाय नावं उलटी आहेत: 64 बिट विंडोजवर सिस्टिम32 मध्ये 64 बिटच्या फाईली असतात आणि सिसवॉव64 मध्ये 32 बिटच्या. 'पुन्हा इन्स्टॉल कर' एवढंच सांगणाऱ्या सिनिअरपेक्षा 'एरर मोठ्याने वाचून दाखव' म्हणणारा सिनिअर शोधा, असं माझं ठाम मत आहे. मला तो तिसऱ्या दिवशी भेटला. त्याने मला 'डिपेन्डन्सीज' हे मोफत टूल दाखवलं. त्यात डीएलएल उघडली की तिला कोणकोणत्या फाईली लागतात आणि त्यातली कोणती नाही, ते सरळ दिसतं.

लिनक्सवर गोष्ट सोपी आहे. तिथे झेडबार पिपसोबत येतच नाही. उबुंटू किंवा डेबियनवर ॲप्टने लिबझेडबार0 टाका. डॉकरची स्लिम इमेज वापरत असाल तर तिच्यातही हे टाकावं लागतं. मॅकवर ब्रूने झेडबार घ्या. ॲपल सिलिकॉनवर ब्रूच्या लायब्ररी ऑप्ट/होमब्रू खाली जातात आणि काही पायथन तिथे बघत नाहीत. तेव्हा तो पाथ सांगावा लागतो, आणि पायथनही एआरएमचाच हवा.

हे वाचताना तुमच्या स्क्रीनवर तीच लाल ओळ असेल तर घाबरू नका, तुमचा कोड बहुधा ठीक आहे. माझ्या कोडची एक ओळही बदलावी लागली नाही. सोमवारी सकाळी रनटाइम टाकला, बाईंनी स्वतः पुस्तक धरलं आणि 978 चा आकडा स्क्रीनवर उमटला.

तेव्हापासून प्रोग्रामच्या फोल्डरमध्ये मी 2013 चं इन्स्टॉलर सोबतच देतो. प्रोग्रामची एक्झी (थेट चालणारी फाईल) बनवली तर त्या दोन डीएलएल आत गेल्या आहेत का तेही बघतो, आणि पहिली चाचणी नुकतंच विंडोज टाकलेल्या, बाकी काहीही नसलेल्या व्हर्च्युअल मशीनवर घेतो.